हळूकाकूंचा डोळा लागतो

हळूकाकूंचं खरं नाव इमारतीत कुणालाच ठाऊक नाही. विजेच्या बिलावर असेल म्हणावं, तर बिल काकांच्या नावावर येतं. चौतीस वर्षं झाली, जिन्यात कुणी धावलं, कुणाच्या हातून किल्ल्या पडल्या, कुणी नुसतं मोकळेपणानं शिंकलं, तरी पहिल्या मजल्यावरचं दार बोटभर उघडतं आणि फटीतून कुजबुज येते, “हळू!” मग दार मिटतं. कडीचासुद्धा आवाज होत नाही. नव्यानं राहायला आलेल्यांना पहिले आठ दिवस वाटतं, दारच बोलतंय.

आत काका झोपलेले असतात. दुपारी दोन ते चार.

आता हे काका कोण, तर पत्र्याचे कारागीर. बादल्या, पेट्या, धुराडी, पन्हळी, काय म्हणाल ते. सकाळी साडेसातपासून दीडपर्यंत आणि पुन्हा साडेचार ते आठ पत्रा बडवायचा. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं दुकान आहे. शेजारचा चष्मेवाला गिऱ्हाइकांशी खुणांनी बोलायला शिकला आणि समोरचा इस्त्रीवाला चाळिशीतच ठार बहिरा झाला. असा हा माणूस, अख्ख्या गल्लीच्या कानांचे पडदे फाडून घरी जेवायला आला, की त्याला टाचणी पडलेली खपत नसे. “दिवसभर आवाजातच असतो ना मी,” असं वर तोंड करून सांगायचे. तो आवाज करतं कोण, हे विचारायची छाती कुणाची झाली नाही.

लग्न होऊन काकू घरात आल्या त्या पहिल्याच दुपारी त्यांच्या हातून फुलपात्र पडलं होतं.  काका नुसते उठून बसले आणि चार वाजेपर्यंत भिंतीकडे बघत राहिले. ते बघणं काकूंच्या इतकं जिव्हारी लागलं, की तेव्हापासून त्यांनी संसाराची सरळ दोन भागांत वाटणी केली. आवाजाची कामं आणि मुकी कामं.

आवाजाची कामं दोनच्या आत किंवा चारनंतर. कुटणं, वाटणं, भांडी, धुणं, कुकर, आणि मुख्य म्हणजे शिलाई मशीन, कारण काकू घरी शर्ट शिवून देतात. मुकी कामं दोन ते चार. लसूण सोलणं, तांदूळ निवडणं, पालेभाजी खुडणं, शर्टांना काजं करणं, बटणं लावणं, टीप उसवणं. टीपसुद्धा ओढून उसवायची नाही, टर्र आवाज होतो. एकेक टाका ब्लेडनं कापायचा. मुलगा लहान असताना त्याचं रडणं कुठल्या भागात घालावं हे काही केल्या जमेना, म्हणून त्या त्याला कडेवर घेऊन दोन तास गच्चीवर उन्हात उभ्या राहायच्या. मुलगा मोठा झाला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. गच्चीवरचं ऊन तेवढं काकूंच्या चेहऱ्यावर राहिलं.

काकांच्या पलंगाच्या सांध्यांना दर रविवारी तेल. दाराच्या बिजागऱ्यांना पंधरवड्यातून एकदा. बेलची वायर दोनला काढायची, चारला लावायची. आणि तळमजल्यावर गादीवाला. त्याचं कापूस पिंजायचं मशीन सुरू झालं की अख्खी इमारत थरथरायची. काकू त्याच्याकडे गेल्या, दहा मिनिटं कुजबुजल्या, आणि त्या दिवसापासून मशीन दोन ते चार बंद. बदल्यात त्याच्या उशांचे अभ्रे काकू शिवून देतात. मशीन बंद, मग गादीवाल्यानं करायचं काय? तोही आपल्याच मालावर आडवा व्हायला लागला. म्हणजे एका काकांच्या झोपेपायी खालचा गादीवाला झोपला, वरचे मास्तर झोपले, पलीकडची नर्स झोपली. इमारतीत दोन ते चार जागं माणूस एकच. ते कानात तेल घालून पहारा देत काजं करत बसलेलं असायचं.

आणि काकूंना याचा थोडा गर्वही होता, खोटं कशाला बोला. पण कधीकधी आतून समाधानाचा सुस्कारा ऐकू आला, की त्यांना वाटायचं, उठावं, मोठं पातेलं घ्यावं आणि ह्यांच्या कानाशी पळीनं बडवावं. चांगलं दणदणीत. मग स्वतःचीच लाज वाटायची आणि त्या पुढची दोन काजं जास्तच घट्ट करायच्या. काकूंच्या शर्टाचं बटण लावायला माणसाला आरशासमोर घाम फुटतो, त्याचं कारण हे.

तीन आठवड्यांपूर्वी मशीनवर बसल्या बसल्या त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि सुई बोटातून आरपार गेली. नशीब, सून घरात होती. सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. पहाटे जाते, एकला परत येते. तिनं बोट बांधलं, दंडाला पट्टा आवळून रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला, आणि सासूला धरून तडक डॉक्टरबाईंकडे नेलं.

“दुपारी झोपता का?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“झोपतात की.”

“कोण?”

“हे.”

“अहो, मी तुमचं विचारतेय.”

काकूंना हसू आलं. एवढ्या शिकलेल्या बाईनं असं काय विचारावं! “मी झोपले तर ह्यांना झोप कशी लागायची?”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. सुनेकडे पाहिलं. सुनेनं छताकडे पाहिलं. मग डॉक्टरबाईंनी कागदावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, जेवणानंतर दोन तास सक्त झोप, आणि खाली दोन रेघा ओढल्या. “हे औषध आहे, लाड नाहीत. गोळ्या देतेय, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. आज मशीनवर होतात. उद्या जिन्यात असाल. कळतंय का?”

कळत होतं. न कळायला काय झालं? पण घरी आल्यावर काकूंनी तो कागद बटणांच्या डब्यात ठेवला आणि काकांना काही सांगितलं नाही. आज सांगते, उद्या सांगते. काका काही मारकुटे नव्हते, तसे फार तापटही नव्हते. पण धडधाकट दिसणाऱ्या बाईनं भरदुपारी आडवं व्हायचं, हे तोंडातून काढायचं कसं? काकूंच्या माहेरी दिवसा झोपणारी बाई म्हणजे एकतर शेवटच्या दुखण्यातली, नाहीतर कामचुकार. आणि समजा झोपल्या, तर पहाऱ्यावर कोण? एकदा त्यांनी बसल्या जागी डोळे मिटून पाहिलेसुद्धा. पण डोळे मिटले तरी कान उघडेच. जिन्यात मांजर चढलं तेही ऐकू आलं. भोवळ मात्र दर दोन दिवसांनी येत होती. पायऱ्या उतरताना हल्ली त्या कठडा दोन्ही हातांनी धरत.

शेवटी सून वैतागली. त्या दिवशी जेवणं झाली, काका आत गेले, तेव्हा तिनं काकूंना ओट्यापाशी गाठलं आणि दबक्या आवाजात बजावलं, “आई, आज चार वाजता तुम्ही सांगताय. नाहीतर मी सांगते. मला तुम्हाला जिन्यातून गोळा करायचं नाहीये.”

“सांगते गं बाई.”

“शपथ?”

“हळू,” काकू म्हणाल्या.

दोन वाजून वीस मिनिटांनी काकू चौथ्या काजावर होत्या आणि मनातल्या मनात वाक्य जुळवत होत्या. अहो, जरा बोलायचं होतं. नको. अहो, डॉक्टर म्हणत होत्या. डॉक्टर कशाला म्हणत होत्या, असं विचारतील. इतक्यात दारावर नखानं टकटक झाली. बेलची वायर काढलेली, त्यामुळे नखानं टकटक हीच या इमारतीतली रीत. काकूंनी दार उघडलं. बाहेर गादीवाला. चपला हातात, केसांत कापूस, डोळे हे एवढाले.

“काकू,” तो कुजबुजला, “खाली आग लागलीय.”

झालं होतं असं, की गोदामातली वायर जळाली, ठिणगी कापसावर पडली, आणि गादीवाला पलीकडच्या गाद्यांवर सुखानं झोपलेला. कापूस काही भडकत नाही, आतल्या आत धुमसतो. धुरानं घुसमटून तो उठला तेव्हा अर्धं गोदाम काळंकुट्ट. दुसऱ्या कुठल्या इमारतीत अशा वेळी माणूस बोंब ठोकत सुटला असता. पण सवय म्हणजे सवय, जित्याची खोड. घड्याळात अडीचही वाजले नव्हते. त्यानं आधी चपला काढल्या, मगच जिना चढला.

काकूंनी मान डोलावली. गॅस बंद केला. गिऱ्हाइकाचे चार शर्ट उचलले. सून आली, तिनं नाक वर करून धूर हुंगला, मग आतल्या खोलीकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या, म्हणजे बाबांचं काय? काकूंनी गालाखाली हात ठेवून खूण केली, झोपलेत. सुनेनंही मान डोलावली. देवाशपथ डोलावली! शिकली सवरलेली मुलगी, तीन वर्षांत पुरती या घरची झाली होती. दोघी बाहेर पडल्या. वाऱ्यानं दार आपटायला नको, म्हणून काकूंनी बाहेरून कडी घातली. बोटानं धरून, अलगद.

मग अख्खी इमारत चपला हातात घेऊन, चवड्यांवर, एकामागून एक जिना उतरली. वरचे मास्तर, त्यांची बायको, पलीकडची नर्स, तिची म्हातारी आई. म्हातारीला खोकला आला तर नर्सनं तिच्या तोंडावर पदर धरला. मधल्या वेळात गादीवाल्यानं बंबाला फोन करून वाचलेल्या गाद्या, उशा ओढून फुटपाथवर टाकल्या होत्या. सगळे त्यांच्याभोवती उभे राहिले. मास्तरांनी माणसं मोजली.

“पहिला मजला?”

“काकू आल्या, सूनबाई आल्या. मुलगा कामावर,” नर्स म्हणाली.

“बरोबर. सगळे आले,” मास्तर म्हणाले. दोन ते चार काका हिशेबात धरायचे नाहीत, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. तेवढा वेळ इमारतीत काका नसतातच, फक्त त्यांची झोप असते.

तेवढ्यात कोपऱ्यावरून आगीचा बंब ठणाणा करत आला आणि काकूंच्या काळजाचा ठोका चुकला. आगीनं नाही, त्या घंटेनं. त्या पळत रस्त्याच्या मधोमध गेल्या आणि दोन्ही हात हलवत म्हणाल्या, “हळू! अहो हळू!”

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. बंबावरचा साहेब उडी टाकून उतरला. “बाई, बाजूला व्हा! आग लागलीय ना?”

“लागलीय हो. पण ती घंटा बंद करा. वर झोपलेत.”

“कोण झोपलंय?”

“हे.”

साहेबानं टोपी मागे सारली. “इमारतीत माणूस आहे?”

“आहेत ना. चार वाजता उठतील.”

हे वाक्य काकूंच्या तोंडून बाहेर पडलं, त्यांच्याच कानांवर आदळलं, आणि कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी इमारतीकडे पाहिलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून धूर आत जात होता. “अगं बाई,” त्या म्हणाल्या. मग ओरडल्या. चौतीस वर्षांत पहिल्यांदा, पोटातून, “अहो! अहो, उठा! मी बाहेरून कडी घातलीय हो! अहो!”

दोन वाड्यांपलीकडे कुत्री भुंकायला लागली. मास्तरांच्या हातातली छत्री पडली. काकू जिन्याकडे धावल्या, त्यांना सुनेनं आणि नर्सनं दोन्हीकडून धरलं. दोन जवान तोंडाला मास्क लावून वर गेले. काकूंना ती तीन मिनिटं आयुष्यभर पुरतील. काय नाही मनात येऊन गेलं! मी पातेल्याचं मनात आणलं होतं, त्याचीच ही शिक्षा. देवा, उठवते. रोज उठवते. दर अर्ध्या तासानं उठवते. माणूस तेवढा राहू दे.

वरची खिडकी धाडकन उघडली. एका जवानानं मास्क वर करून खाली ओरडून सांगितलं, “सापडले! ठणठणीत आहेत साहेब! उठायला तयार नाहीत! म्हणतात, अजून चार वाजले नाहीत!”

फुटपाथवर हशा पिकला. साहेबसुद्धा हसला. काकूंच्या जिवात जीव आला. “जरा टेकते,” एवढंच त्या म्हणाल्या आणि समोरच्या गादीवर बसल्या. बसल्या त्या कलल्या. नर्सला वाटलं, भोवळ आली. सुनेनं धावत येऊन मनगट धरलं, डोळ्याची पापणी वर करून पाहिली, कान छातीला लावला.

“काही नाही,” ती म्हणाली. तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. “झोपल्यात.”

बंबाचं इंजिन धडधडत होतं, पाण्याचे पाइप फुसफुसत होते, गादीवाला वायरमनच्या सात पिढ्या उद्धरत होता, आणि काकू भर रस्त्यावर, परक्याच्या गादीवर गाढ झोपल्या होत्या.

पाच मिनिटांनी काका खाली आले. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, एका बाजूचे केस उभे. धुरानं डोळे लाल झालेले, त्यात रागानं आणखी लाल. “कुठाय ती? मला आत ठेवून कडी घालते? अगं, माणूस आहे का कोण मी? ऊठ! ऊठ म्हणतो ना!”

काका नुसते खाकरले तरी काकू जाग्या होत, ही तर आरोळी. काकू जाग्या झाल्याच. सवयीनं हात टेकायला निघाला. आणि काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. आता नवरा सुखरूप आहे, ओरडतोय, म्हणजे छाती शाबूत आहे. मग एवढी घाई कसली? झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, हे काकूंना त्या दिवशी आतल्या बाजूनं कळलं. त्या पडून राहिल्या आणि ऐकू लागल्या.

“बाबा, त्यांना उठवू नका,” सून म्हणाली.

“का? मला जाळायला निघाली होती, तिला विचारायचं नाही?”

“चुकलंच ते. मीपण होते त्यात, मलाही बोला. पण त्यांना उठवू नका. त्यांना डॉक्टरांनी दुपारी झोपायला सांगितलंय. तीन आठवडे झाले. रक्तदाब वाढलाय, भोवळ येते, त्या दिवशी सुई बोटात गेली ती उगाच नाही. झोपल्या नाहीत तर एक दिवस जिन्यात पडतील.”

काका जरा खालच्या पट्टीत आले, “मला नाही कुणी सांगितलं.”

“कधी सांगणार? दुपारी तुम्ही झोपलेले असता. बाकी वेळ तुमचा पत्रा.”

मास्तर घसा साफ करून दुसरीकडे बघायला लागले. काकूंना वाटलं, पोरगी जास्तच बोलली, आता मात्र उठावं. पण गादी मऊ होती. स्वतः शिवलेल्या अभ्र्यावर डोकं ठेवून पडायची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि अभ्रा चांगला शिवला होता.

साहेबानं येऊन सांगितलं, आग विझली, तासाभरात वर जायला हरकत नाही. गादीवाला आला. “काका, या गाद्या आत घ्यायला हव्यात. संध्याकाळी गिऱ्हाईक यायचंय. काकूंना जरा…”

“ही राहू दे,” काका म्हणाले.

“किती वेळ?”

“तिची झोप होईपर्यंत.”

“ते खरं, पण किती वेळ झोपतात त्या?”

 काकांनी सुनेकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले. नर्सकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. कुणाला ठाऊक असणार? या बाईला दिवसा झोपलेलं एवढ्या माणसांपैकी एकानंही कधी पाहिलं नव्हतं. “मला माहीत नाही,” काका म्हणाले. पत्र्यावर हातोडा मारणारा तो आवाज इतका बारीक झालेला काकूंनी कधी ऐकला नव्हता. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी कूस बदलल्यासारखं करून उशीत मुरवलं. बरं वाटलं त्यांना. फार बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्यातच सोंग संपलं आणि पुन्हा डोळा लागला.

पुढचं काकूंना सुनेकडून कळलं. जरा वेळानं गादीवरून आवाज यायला लागला. आधी बारीक, मग चांगला खणखणीत, चढत उतरत. काका दचकले. वाकून जवळ गेले, कान दिला.

“ही घोरते?” त्यांनी विचारलं.

“रोज रात्री, बाबा. भिंतीपलीकडे आम्हाला ऐकू येतं.”

“मग मला कसं कधी ऐकू आलं नाही?”

“त्या तुमच्यानंतर झोपतात आणि तुमच्याआधी उठतात,” सून म्हणाली.

काका फुटपाथच्या कडेला बसले, तसेच, बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत. येणारे जाणारे बघत होते. दुकान उघडायची वेळ झाली, टळून गेली. पावणेसहापर्यंत ते तिथंच ऐकत बसले होते.